भिंतीकडे तोंड केलेला स्पीकर

आधीच सांगते, आवाजाचं आणि माझं वाकडं. साखर पेठेत घर घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं मला मुद्दाम सुट्टीच्या दिवशी घर दाखवलं. लई शांत वाटलं. राहायला आले, पहाटे पाचला मागच्या भिंतीतून खटक-खटक, खटक-खटक सुरू झालं आणि ओट्यावरची वाटी चालत चालत कडेपर्यंत आली. भिंतीपलीकडं यंत्रमागाचा कारखाना होता. विकणारा तोवर पैसे घेऊन पसार.

मी सोनाबाई. मूळची केमची, पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं टायपिस्ट. भांडायला तोंड आहे, पण अर्ज करायला हात जास्त चांगला आहे. त्या कारखान्याविरुद्ध मी नऊ अर्ज टाइप केले, प्रत्येक तीन प्रतींत. एकालाही उत्तर आलं नाही. शेवटी गेल्या दिवाळीत मालकानं आपणहून सगळे माग उचलून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेले. मी गल्लीत पेढे वाटले.

शेजारच्या निंगप्पा अण्णांनीही एक पेढा घेतला. खाल्ला नाही, हातात धरून बसले.

अण्णा त्याच कारखान्यात छत्तीस वर्षं मागावर होते. त्यांचा चार नंबरचा माग आमच्या दोघांच्या घराच्या मागच्या भिंतीला चिकटून उभा होता. म्हणजे माणूस घराच्या पुढच्या दारानं बाहेर पडायचा, गल्लीला वळसा घालून घराच्या पाठीमागं जाऊन उभा राहायचा. एवढाच प्रवास. मागांनी त्यांचे कान खाल्ले होते. दहातलं एक ऐकू येतं, आणि तेही त्यांना पाहिजे तेच, असं त्यांची बायको पार्वतम्मा म्हणायची. कारखाना हलला तेव्हा त्यांनी एमआयडीसीचा रस्ता न धरता घरी बसायचं ठरवलं. गुडघे ऐकत नव्हते.

पण घरी बसायचं म्हणजे कुठं बसायचं? त्यांच्या घरात मोठी खोली एकच. तिचं टाइमटेबल आमच्या हापिसातल्यापेक्षा कडक. पहाटे पाच ते आठ पार्वतम्माची कडक भाकरी. ती थापणार, मदतीला येणारी केराबाई भाजणार. आठ ते दोन त्या भाकरी कापडावर पसरून ठेवायच्या, कुणी पाय टाकायचा नाही. दोन ते चार पार्वतम्माची झोप. चार ते सहा सून श्रीदेवीची शिकवणी, बावीस पोरं. मग टीव्ही, जेवण आणि अंथरुणं. श्रीदेवीनं हे सगळं रंगीत पेनानं कागदावर लिहून दाराला चिकटवलं होतं. मुलगा प्रभु एसटीत ड्रायव्हर, आज गुलबर्गा उद्या विजापूर, त्याचंसुद्धा नाव शनिवारच्या रकान्यात होतं. अण्णांचं नाव कुठंच नव्हतं.

"अप्पा, जरा कट्ट्यावर बसता का?" हे सुनेचं वाक्य मी भिंतीतून दिवसाला पाच वेळा ऐकायची. दिवसाला पाच वेळा अण्णा पायरीवर येऊन बसायचे.

पंधरा दिवसांतच ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "बाई, म्युझिकचं मशीन घेतोय. घर लई गप्प झालंय."

"तुमाला ऐकू येतंय व्हय?" मी विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"कानानं कोण ऐकतंय," ते म्हणाले.

दुकानात मीच सोबत गेले, नाहीतर पोरानं त्यांना काहीही गळ्यात मारलं असतं. अजिंक्य नावाचा तो दुकानदार पोरगा सुरांबद्दल, वॅटबद्दल, ब्लूटूथबद्दल बोलत सुटला. अण्णांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. रांगेतल्या एकेका स्पीकरवर त्यांनी तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटले. "हा खोटा," म्हणाले. "हा हलका. ह्याच्या आत काय न्हाय." मागाचा बिघाड ते असाच हातानं शोधायचे. शेवटी सगळ्यात मोठ्या काळ्या खोक्यावर हात ठेवून ते लहान मुलासारखे हसले. नुसता बेस टाकणारं खोकं होतं ते, वरातीच्या गाडीवर शोभलं असतं. त्याच्यासोबत चौथीच्या पोराएवढे उंच दोन स्पीकर. नाकापेक्षा मोती जड! मी म्हटलं, अण्णा, छोटं घ्या. त्यांना बरोब्बर ऐकू आलं नाही.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्या घराची गत झाली. पहिल्या दिवशी स्पीकर मांडणीच्या फळीवर चढले. शेजारी वाळलेल्या भाकरींची चळत. अण्णांनी बटण दाबलं, खोक्यातून धम्म झालं आणि भाकरी एकामागून एक फळीवरून चालत येऊन खाली पडल्या. त्या भाकरी अशा कडक की पडल्यावर भाकरी म्हणून ओळखू येत नाहीत.

मग स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना आले. टीव्हीला जोडले तर मालिकेतली सासू डाव्या खोक्यातून बोलायला लागली आणि सून उजव्या. कुठली वायर कशात घातली होती कोण जाणे. पार्वतम्मा डावीकडं बसायची, श्रीदेवी उजवीकडं. आठ दिवस दोघींना आपापलीच बाजू ऐकू येत होती आणि दोघींचंही म्हणणं होतं की मालिका आता खरी वाटायला लागली. त्या आठवड्यात घरात तीन भांडणं झाली.

मग ते पलंगाखाली गेले. अण्णा पलंगावर पडून पाठीनं गाणी ऐकायचे. पण चार वाजता तोच पलंग शिकवणीचा बाक. पाढे म्हणता म्हणता पोरं उडायला लागली. मग ते माझ्या भिंतीला टेकले. माझ्या मांडणीतली ताटं वाजायला लागली, मी पदर खोचून गेले आणि काय बोलायचं ते बोलले. अण्णा शांतपणे माझ्या ओठांकडं बघत होते. मागावरच्या माणसांना ओठ वाचता येतात. काही शब्दांना त्यांनी मान खाली घातली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच दिवसांत पार्वतम्माची भाकरी बिघडली.

तुम्हाला सोलापूरची कडक भाकरी माहीत असेल तर पार्वतम्माची भाकरी काय होती हे सांगावं लागणार नाही. कागदासारखी पातळ, मधोमध आणि कडेला सारखीच, मोडली की एकच आवाज. महिनाभर ठेवा, काही होत नाही. तिला तीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि आता एक भाकरी जाड, एक फाटकी, एकीच्या पोटात कच्चा डाग. केराबाई म्हणाली आच कमीजास्त होतेय. श्रीदेवी म्हणाली ज्वारी बदलली असेल. ज्वारी तीच मालदांडी होती. मग सगळ्यांनी एकदमच त्या काळ्या खोक्याकडं बघितलं.

"तुमच्या धडधडीनं माझा हात हलतोय," पार्वतम्मा म्हणाली.

 अण्णांनी वायरी काढल्या, गुंडाळल्या, तिन्ही स्पीकर कोपऱ्यात सरकवले आणि वर स्वतःच्या हातची चादर टाकली. घरात कुणीतरी गेल्यासारखं दिसायला लागलं. पायरीवर पुन्हा अण्णा.

स्पीकर बंद होऊन आठ दिवस झाले, तरी भाकरी तशीच.

त्यात उदयसिंह आला. त्याची स्टँडाजवळ मोठी खानावळ आहे, माळशिरसचा माणूस, पंधरा वर्षं फक्त पार्वतम्माची भाकरी ताटात वाढणारा. त्यानं चळत परत आणली आणि खाली ठेवून म्हणाला, "अम्मा, ह्या तुमच्या हातच्या न्हाईत. कुणाकडून थापून घेतल्या?" त्याला वाईट बोलायचं नव्हतं. पण त्याहून वाईट काय बोलणार? जाताना म्हणाला, "सोमवारी सकाळी येतो. तवा बी अशाच असल्या तर दुसरीकडं बघावं लागंल. गिऱ्हाईक मला बोलतंय."

तो गेल्यावर पार्वतम्मा माझ्याकडं आली. आमच्या घरात कधी न बसणारी बाई खाली फरशीवर बसली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "सोनाक्का, माझा हात गेला," म्हणाली. "सोमवारी नीट न्हाय झालं तर तवा उलटा टांगते. मग मी बी बसते पायरीवर, त्यांच्या शेजारी." आणि रडली. मला रडणाऱ्या माणसाला काय बोलावं कळत नाही, म्हणून मी चहा टाकला आणि साखर घालायची विसरले. तीही तशीच प्याली.

शनिवारी पहाटे काय झालं ते अण्णांनी मला नंतर सांगितलं. त्यांना झोप नव्हती. भाकरीची वेळ म्हणून बाहेर जायचं, पण थंडी होती म्हणून ते दारातच बसले आणि बायकोचा हात बघत राहिले. ऐकू येत नाही तो माणूस नुसता बघतो, आणि मागावरचा माणूस बघतो तेव्हा मोजतो. पहिली भाकरी छत्तीस थापांची. दुसरी बावन्न. तिसरीला मधेच थांबली, मग घाईघाईनं चाळीस. हात जड नव्हता, थकला नव्हता. हात चुकत होता, इकडून तिकडं सूत नेणारा धोटा अडकलेल्या मागासारखा. मग अण्णांनी फरशीवर तळहात ठेवला. छत्तीस वर्षं ही फरशी त्यांच्या पायाखाली कधी गप्प नव्हती. आता गार, गप्प.

उजाडायच्या आत त्यांनी माझी कडी वाजवली.

"बाई, तिचा हात न्हाय गेला. माग गेलाय!"

मी झोपेत होते. तरी मला कळलं. का कळलं सांगते. मी टायपिंग शिकले तेव्हा आमचे सर टेबलावर पट्टी आपटून ठेका धरायचे आणि आम्ही पंचवीस पोरी त्या ठेक्यावर बडवायचो. सर चहाला गेले की पंचवीसही पोरींच्या चुका सुरू. हाताला डोकं नसतं, हाताला ठेका लागतो. पार्वतम्मा तीस वर्षं भिंतीपलीकडच्या खटक-खटकवर भाकरी थापत होती आणि हे तिलाही माहीत नव्हतं. त्या भिंतीला चिकटलेला माग चार नंबरचा. म्हणजे नवऱ्याच्या मागावर. आणि मी तो बंद व्हावा म्हणून नऊ अर्ज केले होते. पेढे वाटले होते.

मी अण्णांच्या मोबाइलवर आवाज कसा टिपायचा ते शिकवलं. पहिल्या रिक्षानं ते एमआयडीसीत गेले. त्यांचा चार नंबरचा माग तिथं दुसऱ्या ओळीत उभा होता. अण्णांनी मोबाइल त्याच्यासमोर धरला आणि बारा मिनिटं देवासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. मागे येडू जॉबर फिरत होता, मागांवर देखरेख करणारा. त्याचं तोंड काय चालू होतं ते अण्णांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

रविवारी पहाटे चादर निघाली. उंच स्पीकर राहू दिले, फक्त काळं खोकं आणि त्याच्या डोक्यावर अजिंक्यनं फुकट दिलेला छोटा स्पीकर. अण्णांनी ते पार्वतम्मासमोर ठेवलं, दुकानात ठेवतात तसं, तोंड तिच्याकडं. बटण दाबलं. खणखणीत आवाज आला. केराबाई दचकली, हातातलं उलथणं खाली पडलं.

"हे काय?" पार्वतम्मा म्हणाली. "हा आपला माग न्हवं. हा तर अंगावर येतोय."

अण्णा तिचे ओठ बघत होते. जरा विचार करून ते उठले, खोकं उचललं आणि मागच्या भिंतीशी नेलं. थेट फरशीवर ठेवलं. आणि त्याचं तोंड भिंतीकडं केलं.

अजिंक्यनं बघितलं असतं तर दुकानाचं शटर ओढलं असतं. एवढा भारी स्पीकर आणि शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडं तोंड करून! पण आवाज भिंतीला लागला, फरशीत उतरला आणि खालून, मागून, अंधुक असा खोलीत आला. खटक-खटक, खटक-खटक. जसा छत्तीस वर्षं यायचा, अगदी तसा. मी त्यांच्या दाराशी उभी होते. 

 पार्वतम्मानं पिठाचा गोळा काठवटीत घेतला आणि हात चालायला लागला. पहिली भाकरी तव्यावर गेली. दुसरी गेली. अण्णा मोजत होते. साठ. साठ. साठ.

आणि बाराव्या मिनिटाला खोक्यातून येडू जॉबर ओरडला, "अरे मुडद्या, धोटा बघ!"

केराबाईच्या हातातली भाकरी उडून शेगडीपलीकडं पडली. श्रीदेवी आतून धावत आली. अण्णा आमच्या तोंडाकडं बघत विचारतायत, काय झालं, काय झालं? कुणी सांगितलं नाही. आमची हसून मुरकुंडी वळली होती. पार्वतम्मा किती दिवसांनी हसत होती, मी मोजलं नाही.

त्या दिवशी शिकवणीच्या वेळी बंद करायला अण्णा विसरले. पोरं गप्प बसून गणितं करत होती, आवाजाखाली दबल्यासारखी. फक्त दर बारा मिनिटांनी बावीस तोंडांनी एकदम "अरे मुडद्या, धोटा बघ!" श्रीदेवीनं डोक्याला हात लावला, पण गणितं बरोबर आली होती.

सोमवार उजाडला. मी पण चळती लावायला गेले होते. सहा वाजले, साडेसहा झाले, भाकरी एकासारखी एक उतरत होती. निम्म्या झाल्या. आणि लाइट गेली.

खोकं गप्प. फरशी गप्प. पार्वतम्माचा हात हवेतच राहिला. पिठाच्या गोळ्यावर उतरेना. उदयसिंह आठला येणार होता आणि लाइट कधी येईल हे देवालाही माहीत नव्हतं. तिनं अण्णांकडं बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही, बाजारात बोट सुटलेल्या पोराचा असतो तसा.

अण्णांना ऐकू काही आलं नव्हतं. पण त्यांचा तळहात खोक्यावर होता. खोकं मेलेलं त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं. ते भिंतीला टेकून खाली बसले, काळं खोकं मांडीत घेतलं आणि तळहातानं बडवायला लागले. खटक-खटक, खटक-खटक. ना कमी, ना जास्त. छत्तीस वर्षं कानातून आत गेलं होतं, कान गेले तरी आतलं कुठं जातंय? एका मिनिटानं पार्वतम्माचा हात खाली आला.

दीड तास. ते बडवत होते, ती थापत होती. एकदाही एकमेकांकडं बघितलं नाही. आणि बारा मिनिटं झाली असावीत असं वाटलं की केराबाई तवा फिरवता फिरवता हळूच म्हणायची, "अरे मुडद्या, धोटा बघ." अण्णांना वाटायचं आम्ही त्यांच्या ठेक्यावर खूश होऊन हसतोय. तेही हसायचे.

उदयसिंह आठला आला. त्यानं चळतीच्या मधली एक भाकरी ओढली आणि मोडली. एकच आवाज झाला. तो आवाज अण्णांनी ऐकला नाही, पण उदयसिंहाचा चेहरा वाचला.

"ह्या तुमच्या," तो म्हणाला. "अम्मा, मधी काय झालं होतं हो?"

"मधी काय न्हाय," पार्वतम्मा म्हणाली. "माग जरा बंद होता."

तो भाकरी घेऊन गेला. अण्णांचा उजवा तळवा लालभडक झाला होता. भाकरी संपल्या म्हणून ते सवयीनं उठले आणि कट्ट्याकडं निघाले. पार्वतम्मानं त्यांचा सदरा मागून धरला आणि तोंडासमोर येऊन, ओठ दिसतील असं, एकेक शब्द म्हणाली, "कुटं निघालात? हितं बसा. पुन्हा बंद पडला तर मी कुणाला बोलवू?"

दाराला चिकटवलेल्या कागदावर आता पहाटे पाच ते आठच्या रकान्यात दोन नावं आहेत. श्रीदेवीनं दुसरं नाव हिरव्या पेनानं लिहिलंय. उंच दोन स्पीकर दुकानात परत गेले. अण्णांनी नंतर एमआयडीसीत जाऊन येडू जॉबरशिवायचा आवाज टिपून आणला होता. पण तो लावला की केराबाईला भाकरी काढायची वेळ कळत नाही म्हणे, म्हणून पुन्हा जुनाच.

आणि मी? मी गेल्या आठवड्यात दहावा अर्ज टाइप केला. वीज कंपनीला, तीन प्रतींत. विषय: साखर पेठेत पहाटे वारंवार लाइट जाते, त्यामुळे आमच्या मागच्या भिंतीतला आवाज बंद पडतो, तरी त्वरित कार्यवाही व्हावी. टाइप करताना एकही चूक झाली नाही. पलीकडं अण्णा ठेका धरून होते.